बिनफुलांची पूजा

आमचे चिरंजीव गेलीं कांहीं वर्षें दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहरीं नोकरीनिमित्त राहतात. "एकदां येऊन जा," हें त्यांचें पालुपद दर दिवाळीस ऐकूं येई आणि दर दिवाळीस आम्ही कांहींना कांहीं सबब पुढें करीत असूं. कधीं वडील बंधूंचें पथ्यपाणी, कधीं वाड्याची डागडुजी, कधीं पुतण्याच्या घरची मुंज. अखेर २०२३ सालच्या ऑगस्टांत वडील बंधूंनींच आम्हांस दटावलें. "मी कांहीं लगेच जात नाहीं. नातीचें तोंड पाहून ये," असें ते म्हणाले, तेव्हां आम्ही उभयतां निघालों. तीन महिन्यांचा परवाना पुढें आणखी तीन महिने वाढवून घेतला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस वाईस परत आलों.

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा विचार नाहीं. हल्लीं घरोघरचीं मुलें परदेशीं आहेत. विमानांतील जेवण आणि तेथील रस्त्यांची स्वच्छता यांविषयीं वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल. आम्हांस लिहावयाचें आहे तें एका लहानशा अडचणीविषयीं. ती घरून निघतांना आमच्या ध्यानींमनींही नव्हती. देवास फूल कोठून आणावें?

आमचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून केलें आणि पुढें छत्तीस वर्षें तेंच मुलांकडून घोकवून घेतलें. या साऱ्या काळांत पूजा चुकल्याचें आठवत नाहीं आणि पूजेस फूल नाहीं असाही दिवस आठवत नाहीं. पहाटे परडी घेऊन बाहेर पडावें, परसांतील जास्वंद आणि तगर घ्यावी, आणि खोटें कशास बोला, शेजाऱ्यांच्या कुंपणाबाहेर डोकावणारी कण्हेरही घ्यावी, हा आमचा परिपाठ. आमच्या आळींत सगळेच तसें करीत. ज्याची कण्हेर त्याला ती क्वचितच मिळे!

केप टाउनांत चिरंजीवांचें बिऱ्हाड डोंगराच्या पायथ्याशीं, क्लेअरमाँट नांवाच्या उपनगरांत आहे. घर भाड्याचें, अंगणांत फरशी, तिच्यावर मोटार आणि कपडे वाळत घालण्याची दोरी. फुलाचें नांव नाहीं. बाजारांत फुलें मिळत, परंतु तीं प्लॅस्टिकांत गुंडाळलेलीं, बिनवासाचीं आणि महाग. सौ.नें त्यांच्या किंमतीचा एकदां रुपयांत हिशेब केला आणि मग आठवड्यास एकच जुडी आणावी असें ठरलें. उरलेल्या दिवशीं फुलांच्या अभावीं अक्षता. शास्त्रानें ही सोय ठेवली आहे हें खरें. पण शास्त्रानें ठेवलेली सोय आणि मनाचें समाधान या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अडचण फुलाचीच होती असेंही नाहीं. संकल्प सांगतांना आम्ही पहिल्याच दिवशीं अडखळलों. 'जम्बुद्वीपे भरतवर्षे' म्हणावें तर पाय आफ्रिकेच्या दक्षिण टोंकावर. ऋतूचा उच्चार करावा तर तेथील चक्र आपल्या अगदीं उलट. पाऊस जून ते ऑगस्टांत, तोही गारठ्यांतला. आणि भाद्रपद लागतो न लागतो तोंच वसंत! पंचांग सांगत होतें शरद आणि खिडकीबाहेर डोंगर सांगत होता वसंत. आम्हीं पंचांगाचीच कांस धरली, पण स्वर जरा खालीं आणला.

त्या डोंगराविषयीं आतां सांगितलें पाहिजे.

डोंगर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें झाडी उभी राहते. तेथें थोड्या ओलसर घळी सोडल्या तर झाड असें जवळजवळ नाहींच. गुडघ्याइतकीं, कमरेइतकीं, फार झालें तर पुरुषभर उंचीचीं झुडुपें. खालीं वालुकाश्माचा खडक आणि त्यावर रेताड, निकस माती. आमच्याकडील शेतकरी ती माती मुठींत घेऊन तशीच टाकून देईल. या झुडुपी रानास तेथें 'फेनबॉस' म्हणतात. मूळ डच बोलींतील हा शब्द, त्याचा अर्थ बारीक पानांचीं झुडुपें. दुरून पाहतां तें रान मळकट हिरवें, कोठें करडें दिसतें. पहिल्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांस विचारलें देखील, "हेंच का तें? याच्यासाठीं लोक विमानांतून येतात?"

जवळ गेल्यावर मात्र आमची वाचा बसली. केपच्या या पुष्पप्रदेशांत सुमारें ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेंही आपोआप उगवत नाहींत. शहरास लागून दक्षिणेकडे गेलेल्या द्वीपकल्पाचें क्षेत्र पांचशें चौरस किलोमीटरांच्याही आंत. तेवढ्यांत २,२०० हून अधिक जाती. सबंध ब्रिटनमध्यें मूळच्या उगवणाऱ्या जाती दीड हजारांच्या आसपास भरतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें वजन कळतें. २००४ सालीं हा प्रदेश जागतिक वारशांत गणला गेला. आपल्या लग्नसमारंभांतील गुच्छांत मिरवणारे ग्लॅडिओलस आणि गॅलरींतील कुंड्यांतून 'जिरेनियम' म्हणून वाढणारीं झाडें यांचें माहेर याच मुलुखांत. आम्हीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत कितीतरी पाहुण्यांस ग्लॅडिओलसचे गुच्छ दिले. तें फूल कोठलें याची चौकशी कधीं केली नाहीं.

या रानांत तीन कुलें प्रमुख. एक प्रोटियाचें. प्रोटियस हा ग्रीकांचा सागरदेव, हवें तें रूप घेणारा, म्हणजे आपल्याकडील भाषेंत कामरूपी. या कुलांत इतके निरनिराळे आकार दिसले म्हणून लिनियस या स्वीडिश पंडितानें त्याचें नांव यांस दिलें. त्यांतील राजप्रोटिया हें त्या देशाचें राष्ट्रीय फूल. तें लहान ताटाएवढें असतें आणि त्याच्या भोंवतींच्या गुलाबी पाकळ्या मुकुटासारख्या उभ्या राहतात. दुसरें कुल रेस्टिओचें, म्हणजे बुरुडाच्या हिरव्या काड्यांचे जणुं झुबकेच. पूर्वी त्यांनीं घरें शाकारीत, अजूनही शाकारतात. तिसरें एरिकाचें. सुईसारखीं पानें आणि त्यांत बारीक बारीक फुलांच्या घागऱ्या; पांढऱ्या, गुलाबी, तांबड्या, पिवळ्या. जगांत एरिकाच्या साडेआठशेंच्या आसपास जाती आहेत, त्यांतील बहुतेक या एका प्रदेशांतल्या.

आणि यांतील एक पान देखील तोडावयाचें नाहीं! डोंगर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत आहे. फूल, बी, दगड, कांहींही उचलणें हा गुन्हा. आम्ही आयुष्यांत इतकीं फुलें एका ठिकाणीं कधीं पाहिलीं नव्हतीं, आणि घरीं देवापुढें तांदुळाचे चार दाणे.

आश्विनांतील नवरात्र आलें. सातव्या माळेपर्यंत दुकानांतील शेवंती पुरवून पुरवून वापरली. अष्टमी रविवारीं होती, २२ ऑक्टोबरला. चिरंजीवांस सुटी तेवढीच. म्हणून सकाळीं फिरावयास जावें आणि माळ परतल्यावर बांधावी असें ठरलें. सूनबाईंनीं दशम्या आणि गुळांबा बरोबर घेतला, सौ.नें पातळावर कॅनव्हासचे बूट चढविले, आणि आम्ही पांच जण सिल्व्हरमाइन नांवाच्या भागांत गेलों. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच कंपनीच्या लोकांनीं येथें चांदी मिळेल म्हणून खणून पाहिलें. चांदी निघाली नाहीं, नांव तेवढें राहिलें. तेथें एक जुना बांध आहे. त्यांतील पाणी कोऱ्या चहासारखें तांबूस काळें. तें घाण नव्हे. झुडुपांच्या पानांतील तुरट अंश उतरून त्यास तो रंग येतो. आमच्या नातीनें ओंजळींत घेऊन दाखविलें तेव्हां तें स्वच्छ पारदर्शक दिसलें.

ही नात तेव्हां नऊ वर्षांची होती. तिची मराठी म्हणजे क्रियापदें आमचीं आणि नामें इंग्रजांचीं. परंतु झाडांचीं नांवें तिला शेंकड्यांनीं येत. आम्हीं छत्तीस वर्षें वर्गांत पुढें उभें राहून विचारलें, मुलांनीं उत्तरें दिलीं. त्या डोंगरावर ती पुढें चालत होती आणि आम्ही मागून विचारीत होतों. गुडघा कुरकुरत होता तरी दोन तास आम्ही आनंदांत चाललों. टांचण्या टोंचलेल्या गादीसारखीं दिसणारीं नारिंगी फुलें, त्यांवर लांब शेपटीचा मधुपक्षी वाऱ्यांत झोके घेत बसलेला, खालीं दूर निळा समुद्र. २०१५ सालच्या मार्चांत हा सारा भाग जळून काळा झाला होता, असें चिरंजीव म्हणाले. आम्हांस तें खरें वाटेना.

परततांना आम्ही थोडे मागें राहिलों. एका खडकाआड फिक्या गुलाबी घागऱ्यांचें एक झुडूप होतें, अगदीं वाटेच्या बाहेर. आठवी माळ डोळ्यांपुढें आली. आजूबाजूस पाहिलें आणि पांच-सहा डहाळ्या खुडून दशम्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेविल्या. आजूबाजूस पाहिलें, हें आम्ही मुद्दाम लिहितों. ज्याला आपलें करणें योग्य वाटतें तो आजूबाजूस पाहत नाहीं.

नात वळून परत आली होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ती वाटेनें एक शब्द बोलली नाहीं. संध्याकाळीं आम्ही स्नान करून माळ ओंवावयास बसलों तेव्हां ती दारांत येऊन उभी राहिली.

"आजोबा, हीं कोणाचीं आहेत?"

"देवाचीं, बाळ."

"तीं होतीं तेथें देव नव्हता का?"

आमच्याजवळ उत्तर होतें. गौतमधर्मसूत्रांत सांगितलें आहे कीं गाईसाठीं गवत, अग्नीसाठीं काष्ठें आणि वेलीवृक्षांचीं फुलें माणसानें आपलीं समजून घ्यावीं. तें चौर्य नव्हे. आम्हीं तें वचन अर्थासह सांगितलें. नातीनें शांतपणें ऐकून घेतलें. चिरंजीव बाहेरून म्हणाले, "अण्णा, गौतमांच्या वेळीं एका डोंगरावर दर रविवारीं हजारों माणसें येत नव्हतीं." मुलगा बापास उलट बोलला म्हणून रागवावें, तर त्याच्या बोलण्यांत खोट सांपडेना. अखेर सौ. म्हणाली, "तोडलीं तीं तोडलीं. आतां कचऱ्यांत घालण्यापेक्षां देवीच्या गळ्यांत जाऊं द्या." माळ बांधली. आरतीस नात आली नाहीं. ती आपल्या खोलींत दार लावून बसली, आणि आम्हीं घंटा वाजविली ती आमच्या कानांस फार मोठी वाटली.

दोन आठवडे घरांत कोणी ती गोष्ट काढली नाहीं. नात आमच्याशीं बोले, पण झाडांविषयीं नव्हे.

मग एके दिवशीं चिरंजीव आम्हां सर्वांस किर्स्टनबॉशच्या वनस्पतिउद्यानांत घेऊन गेले. त्याच डोंगराच्या पूर्व उतारावर १९१३ सालीं हें उद्यान स्थापन झालें, केवळ त्या देशाच्या वनस्पतींसाठीं. तेथें रानबदामाच्या एका जुन्या कुंपणाचे अवशेष आहेत. डच कंपनीचा अधिकारी व्हान रीबेक यानें १६६० सालीं आपल्या वसाहतीची हद्द म्हणून तें लाविलें. मूळचे खोइ लोक आपलीं गुरें घेऊन आंत येऊं नयेत म्हणून. त्याच कंपनीनें केपला गुलाम म्हणून जीं माणसें आणिलीं त्यांत बंगालचीं होतीं, मलबारचीं होतीं, कोरोमंडल किनाऱ्यावरचीं होतीं. आम्हीं इतिहासही शिकविला आहे. हा धडा आमच्या पुस्तकांत नव्हता. तीं फांद्यांचीं वेटोळीं साडेतीनशें वर्षांनंतर अजून हिरवीं आहेत. आम्ही तेथें कांहीं वेळ नुसते उभे राहिलों.

नातीनें आमचा हात धरून आम्हांस एका झुडुपापाशीं नेलें. उंच, सरळ दांड्या आणि त्यांवर जांभळट गुलाबी नळ्यांचीं वर्तुळें, मजल्यावर मजले. एरिका व्हर्टिसिलाटा हें त्याचें नांव. तिनें त्याची हकीकत आपल्या धेडगुजरी मराठींत आम्हांस सांगितली, ती अशी. हें झुडूप केप टाउनच्या सखल, वाळूच्या भागांत वाढत असे. शहर पसरलें, त्याची जमीन घरांखालीं गेली. फुलें सुंदर म्हणून विकण्यासाठीं लोक तीं तोडीतही राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रानांत एकही उरलें नाहीं. पुढें शोध घेतां त्याचे वंशज सांपडले ते भलत्याच ठिकाणीं: प्रिटोरियाच्या एका बागेंत, लंडनजवळच्या क्यू उद्यानांत, व्हिएन्नाच्या जुन्या राजसंग्रहांत. त्यांच्या काड्या आणून रोपें केलीं आणि तीं पुन्हा मूळ भूमींत लाविलीं. त्यांतील एक जागा तर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या पोटांत आहे.

"म्हणून मी रागावलें होतें," नात म्हणाली. "तुम्ही तोडलें तें कोणतें होतें तें तुम्हांला माहीत नव्हतें."

हें खरें होतें. आम्हांस त्याचें नांव ठाऊक नव्हतें. ज्याचें नांव ठाऊक नाहीं तें तोडण्यास हात कचरत नाहीं. घरच्या तगरीची कळी खुडतांना सुद्धां आम्ही उद्यांचा विचार करतों.

त्या सायंकाळीं आम्हीं एक जुनी वही काढली आणि दोघांनीं मिळून फुलांस संस्कृत नांवें देण्याचा उद्योग आरंभिला. राजप्रोटियास 'किरीटिनी', टांचण्यांच्या फुलास 'सूचीगुच्छ', एरिकास 'क्षुद्रघण्टिका'. विग्रह सोडवून सांगितल्याशिवाय ती कोणतेंही नांव मान्य करीत नसे. समास शिकविण्याची इतकी चांगली संधि आम्हांस शाळेंत कधींच मिळाली नव्हती.

चिरंजीव मग दर पंधरवड्यास आम्हांस शहरांतील ॲडर्ली रस्त्यावर नेऊं लागले. तेथें फूलवाल्यांचा जुना बाजार आहे. पिढ्यान् पिढ्या तीच कुटुंबें बसतात. त्यांत एक वृद्ध बाई होती. आम्ही देवासाठीं फुलें नेतों हें कळल्यावर तिनें देठ आंखूड करून देण्यास सुरुवात केली, कारण लांब देठ देवापुढें निरुपयोगी. तिची आजी डोंगरावरून एरिकाच्या जुड्या आणून तेथेंच विकीत असे, असें तिनें सांगितलें. पुढें कायदे झाले आणि डोंगर बंद झाला. आतां फुलें मळ्यांतून येतात. नंतर १९५० चा वर्णवार वस्तीचा कायदा आला आणि त्यांचें डोंगराखालचें घरही गेलें. किर्स्टनबॉशच्या शेजारींच प्रोटिया व्हिलेज म्हणून एक वस्ती होती. उद्यानांत राबणारीं कितीतरी माणसें तेथें राहत. तीही याच कायद्याखालीं उठविण्यात आली. ही बाई तेथलीच कीं काय, हें विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. फुलें विकणाऱ्यांनीं एरिका तोडून संपविली हें ऐकतांना आमच्या मनांत त्यांच्याविषयीं जो राग आला होता, तो तिच्यासमोर उभें राहिल्यावर कोठें ठेवावा हें कळेना. डोंगराच्या आणि देवाच्या नांवावर आपण वाद घालतों. तिच्या आजीस त्या जुडीवर संध्याकाळचा पाव आणावयाचा होता.

जानेवारींत आम्ही टेबल माउंटनवर गेलों. आमच्या वयाच्या माणसांसाठीं १९२९ पासून तेथें तारेवरचा पाळणा आहे. त्यांत बसलों आणि सपाट माथ्यावर पायीं फिरलों. मॅक्लिअर्स बीकन हें सर्वांत उंच ठिकाण, १,०८६ मीटरांचें. किर्स्टनबॉशहून तेथवर येणाऱ्या खड्या वाटेस जनरल स्मट्स यांचें नांव आहे. ते म्हातारपणींही ती चढत, आणि गवताच्या जाती ओळखण्यांत त्यांचा हातखंडा होता. याच गृहस्थांनीं गांधीजींस तुरुंगांत टाकलें. गांधीजींनीं तुरुंगांत शिवलेली चपलांची जोडी १९१४ सालीं देश सोडतांना त्यांस भेट दिली, ती त्यांनीं अनेक उन्हाळे वापरली आणि १९३९ सालीं गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत धाडली. फुलागवताची इतकी पारख असलेल्या मनुष्यास शेजारच्या माणसाची का नसावी? नातीस हें विचारलें असतें तर तिनें कांहीं उत्तर दिलें असतें. आम्हांस सुचलें नाहीं.

माथ्यावरील एका ओढ्याच्या कांठीं, पाणी झिरपणाऱ्या खडकाला बिलगून, तांबडी डिसा फुललेली होती. हें ऑर्किड. तळहाताएवढें, कुंकवाच्या रंगाचें. त्याचें परागण एकच मोठें तपकिरी फुलपाखरूं करतें आणि त्या फुलपाखरास तांबड्या रंगाची भारी ओढ असते. आम्ही वांकून पाहत आहों तोंच तें आलें. फुलाकडे न जातां तें सौ.च्या तांबड्या पातळाच्या पदरावर बसलें, उडालें, पुन्हा बसलें. सौ. श्वास रोखून उभी राहिली. पांच महिन्यांत तिच्या तोंडावर इतका आनंद आम्हीं पाहिला नव्हता. घरची आठवण येऊन ती रात्रीं रडत असे, हें आम्हांस ठाऊक होतें आणि आम्ही झोंपेचें सोंग घेत होतों. फुलपाखरूं गेल्यावर ती म्हणाली, "अहो, आतां नेलें वाईस तरी माझी तक्रार नाहीं."

"आणि नाहीं नेलें तर?" आम्हीं विचारलें.

"तर आहे," ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट राहिली. २०२३ च्या डिसेंबरांत सायमन्स टाउन गांवाच्या वरचे डोंगर पेटले. सोसाट्याच्या आग्नेय वाऱ्यानें वणवा कित्येक दिवस आवरेना. जानेवारीच्या अखेरीस आम्ही त्या बाजूस गेलों तेव्हां वाटा बंद होत्या. सडकेच्या कडेनेंच पाहिलें. काळी राख, काळे दगड, झुडुपांचे काळे सांगाडे. आणि त्या राखेंत उघड्या दांड्यांवर तांबडीं भडक फुलें, एक पान नाहीं. तीं अग्निकमळें. तीं वणव्यानंतर पंधरवड्याच्या आंत उमलूं शकतात, आणि जाळ झाला नाहीं तर वर्षानुवर्षें कंदरूपानें जमिनींत पडून राहतात.

हें रान दहा-पंधरा वर्षांनीं एकदां जळावेंच लागतें, हें आम्हांस तेव्हां समजलें. प्रोटियाच्या कांहीं जाती आपलें बी वर्षानुवर्षें लांकडी बोंडांत कोंडून ठेवतात. आग लागून झुडूप मेलें कीं बोंडें उघडतात. टांचण्यांच्या फुलांचें बी मुंग्या आपल्या बिळांत ओढून नेतात, कारण त्यास एक चिकट खाऊ लागलेला असतो. तो खाऊन त्या बी तेथेंच टाकतात आणि तें जाळापासून वांचतें. कित्येक बियांस तर नुसता धूर पुरतो. किर्स्टनबॉशच्या एका संशोधकानें आपल्या सहकाऱ्यासह १९९० सालीं हें दाखवून दिलें कीं उष्णता नव्हे, धूर बीस जागें करतो. आतां धुराचा अर्क मुरविलेले कागद मिळतात; ते पाण्यांत टाकून त्यांत बी भिजवावयाचें. तरीही आग लवकर लवकर लागली तर बी धरण्याआधींच झुडपें मरतात, आणि माणसांच्या हलगर्जीपणानें ती हल्लीं लवकर लागते. सातव्या वर्षीं फुलणारी आपली कारवी दर दुसऱ्या वर्षीं तोडली तर काय होईल, तसेंच हें.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशीं नातीनें एक कागदाची पुडी आणून दाखविली. बागेच्या दुकानांतून तिनें स्वतःच्या पैशांनीं एरिकाचें बी आणि धुराचा कागद आणला होता. बी तपकिरीसारखें बारीक; शिंक आली असती तर सारें संपलें असतें. सौ.नें पदर तोंडावर धरला.

"उन्हाळा उतरला कीं मी हें कुंडींत लावीन," ती म्हणाली. "कुंडी आपली आहे. त्याचें फूल तुम्ही तोडलेंत तरी चालेल."

आम्ही वाईस आलों. पहाटे परडी घेऊन बाहेर पडलों आणि शेजाऱ्यांच्या कण्हेरीपाशीं पाय थांबला. त्यांच्या दारावर टकटक करून विचारलें. गृहस्थ डोळे चोळीत बाहेर आले; आमच्या प्रकृतीविषयीं त्यांस काळजी वाटली असावी, कारण चाळीस वर्षांत असें कोणी विचारलें नव्हतें. त्यांनीं होकार दिला. आतां आम्ही दर सोमवारीं विचारतों आणि ते दर सोमवारीं हंसतात. वडील बंधूंस ही गोष्ट सांगितली तेव्हां ते म्हणाले, "तूं परदेशीं जाऊन भित्रा झालास." त्यांच्या खोलींतील खिडकीशीं पारिजातक आहे, त्याचा सडा ते कोणास न विचारतां वेंचतात. गळून पडलेलें फूल देवास चालावें असा मान त्या एका फुलास आहे, म्हणून त्यांचें धर्मसंकट मिटलेलेंच.

मे महिन्यांत एका रविवारीं नातीचा फोन आला. तिनें कुंडी पडद्यासमोर धरली. आम्हांस कांहींच दिसेना. चष्मा बदलला, सौ.लाही हांक मारली. मग काळ्या मातीवर हिरव्या रंगाची, केसाएवढी बारीक लव दिसली.

"क्षुद्रघण्टिका," ती म्हणाली. विग्रह न विचारतां तिनें स्वतःच सांगितला. आणि मग, "फूल यायला तीन वर्षें तरी लागतील, आजोबा."

आमच्या पारपत्राची मुदत त्याआधींच संपते. तें नवें करण्याचा अर्ज भरून ठेवावा असें सौ. म्हणते आहे. छायाचित्रें काढावयास उद्यां बाजारांत जाणार आहों.